रूपलीबाईचा हात आणि जसोदाबाईंची पोटरी

रूपलीबाई तेलाची वाटी घेऊन एखाद्या घरात शिरली की त्या घरात पाळणा हलणार हे गावाला कळायचं. घरच्यांनी बातमी कितीही झाकून ठेवलेली असो. त्यामुळे तापीकाठच्या त्या गुजरांच्या गावात पहिले काही महिने तिला कुणी बोलवायचंच नाही. पोट पदराआड मावेनासं झालं, कंबर भरून यायला लागली, झोपेत पोटरीत गोळा येऊन सून किंचाळून उठली, की मग सासू कुणाला तरी पिटाळायची, "जाय, रूपलीले बलाव." रूपलीबाईलाही घाई नसायची. पाचवा लागल्याशिवाय ती कुणाच्या अंगाला हात लावत नसे.

चाळिशी उलटलेली, अंगानं बुटकी, तळहात मात्र शरीराच्या मानानं मोठे. माहेर वर डोंगरात, तोरणमाळच्या बाजूला. लग्न होऊन खाली सपाटीला आली तेव्हा तिला भिलीशिवाय एक अक्षर येत नव्हतं. गावात सगळे अहिराणी बोलत आणि गुजर घरांत आपसांत आणखी तिसरंच काही. पण अंग चोळायला भाषा लागत नाही. दुखलं की बाई 'आई गं' म्हणते आणि बरं वाटलं की गप्प होते, एवढं तिला पहिल्या महिन्यातच समजलं. नवरा बाज्या गावातल्या हिंमतराव नावाच्या गुजर बागायतदाराच्या केळीत पाणी धरायचा. सासू दगूबाई बाळंतिणी आणि पोटुशा बायका चोळायची. रूपलीबाई तिच्याच हाताखाली शिकली.

दगूबाईची शिकवायची रीत भलतीच होती. ती सुनेलाच खाली पाडायची, तिची मांडी दाबायची आणि विचारायची, दुखलं का? दुखलं म्हटलं की म्हणायची, एवढा जोर द्यायचा नाही, हे ध्यानात ठेव. नाही दुखलं म्हटलं तर आणखी दाबायची. अशी आपल्याच अंगावर चुका सोसून रूपलीबाई तयार झाली. असं शिक्षण कुणाच्या वाट्याला येऊ नये, पण तिचा हात बसला तो त्यानंच.

तिची पद्धत ठरलेली. बाईला डाव्या कुशीवर निजवायचं, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी नाहीतर गोधडीची घडी. तेल कोमट करून आधी आपल्या मनगटाला लावून बघायचं. मग टाचेपासून सुरुवात. तळव्याला अंगठा, घोट्याभोवती नुसता फिरता हात, मग पोटरी खालून वर, पिठावरून हात फिरवावा तशी. पाठीला कण्याच्या दोन्ही बाजूंनी, कण्यावर कधीच नाही. कंबरेखाली तळहाताची टाच रोवून गोल. शेवटी खांदे आणि मान, आणि एवढ्यात बहुतेक बायका घोरायला लागत. एक पाय दुसऱ्यापेक्षा जास्त सुजलेला, तापलेला दिसला तर ती तेलाची वाटी बाजूला ठेवायची आणि दवाखान्यात पाठवायची.

पोटाला ती हात लावत नसे. पूर्वी लावायची. दगूबाई तर मूल 'सरळ' करते म्हणून पोट चांगलं दणकून चोळायची. मग उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी गावातल्या सगळ्या सुइणींना बसवून पोट चोळल्यानं काय काय होऊ शकतं ते सांगितलं. रूपलीबाईला ते मुळीच पटलं नाही. आठवडाभर ती कुरकुरली. पण नर्सबाईंनी सांगितलेल्या गोष्टींतली एक तिनं स्वतः पाहिलेली होती, दगूबाईच्याच हाताखाली, आणि ती आठवल्यावर तिनं पोट सोडलं ते कायमचं. दगूबाई शेवटपर्यंत तिला भित्री म्हणत राहिली.

दगूबाईची दुसरी एक गोष्ट मात्र तिनं घट्ट धरून ठेवली होती. एकदा एका बाईला तेल लावायला सुरुवात केली की बाळ रडेपर्यंत तो हात त्याच घरचा. मध्येच सोडून दुसरीकडे गेलं तर येणाऱ्या जिवाला ते लागतं. खरं सांगायचं तर या नियमात येणाऱ्या जिवापेक्षा चोळणारीचीच सोय जास्त होती, कारण अर्ध्यावर दुसरी बाई बोलावली जाऊ नये म्हणून दगूबाईनं तो गावभर पसरवला होता आणि रूपलीबाईनं तो आणखी पक्का केला. शेजारच्या गल्लीत एक नवी चोळणारी आली तेव्हा तर रूपलीबाईनं हा नियम पाणवठ्यावर इतक्यांदा सांगितला, की बायका तो तिच्याआधीच म्हणायला लागल्या. त्या नवीचं बस्तान काही बसलं नाही.

त्या वर्षी दिवाळीनंतर हिंमतरावांच्या घरून निरोप आला. त्यांची सून दिपाली दुसऱ्यांदा पोटुशी होती, सहावा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी झालेलं, दुसरं सासरीच व्हायचं होतं. शहाद्याला कॉलेज केलेली, हसरी मुलगी. मोठी लेक सारखी कडेवर, म्हणून कंबर पार गेलेली. रूपलीबाईनं तेल लावायला सुरुवात केली. रोज दुपार कलली की मागच्या खोलीत, खाटेवर. हिंमतरावांची बायको जसोदाबाई दाराशी बसून कापसाच्या वाती वळायची आणि खोलीत काय चाललंय यावर एक डोळा ठेवायची. रूपलीबाई त्या घरात सुनेच्या अंगाला हात लावू शकत होती, पाण्याच्या माठाला नाही. याचं कुणाला काही वाटत नसे, निदान तसं दिसत तरी नसे.

आणि तेल लावून थोडे दिवस झाले नाहीत तोच खापर गावच्या बाजाराहून आलेल्या एका नातलगानं रूपलीबाईला सहज सांगितलं, तुझ्या जागृतीला दिवस गेलेत म्हणे, पाचवा चाललाय.

जागृती तिची एकुलती एक लेक. अक्कलकुव्याच्या वरच्या डोंगरातल्या नवलला दिलेली. दरवर्षीसारखी यंदाही दोघं सुरतेकडे ऊसतोडीला गेली होती. टोळीचा पडाव म्हणजे शेताकडेला ताडपत्रीच्या झोपड्यांची रांग. फोनवर बोलणं व्हायचं, पण लेकीनं आईला आपल्या तोंडानं अशी बातमी सांगायची नाही, ती सासरच्या बायकांनी सांगायची, असा त्यांचा रिवाज. आणि सासरच्या बायका अशा डोंगरात, जिथं फोन लागायला झाडावर चढावं लागतं. तेव्हा लेक लाजून गप्प, आईला पत्ता नाही, आणि तिकडे पोट आपलं वाढतंय. जी बाई परक्या सुनांची बातमी चालण्यावरून ओळखायची, तिला स्वतःच्या लेकीची बातमी बाजारात कळली. रूपलीबाईला हे फार लागलं.

त्या संध्याकाळी तिनं फोन केला. (या मायलेकींचं आणि पुढं जावयाचंही बोलणं भिलीतलं, इथं ते मराठीत उतरवलं आहे, आईसाठीचा 'आया' तेवढा तसाच ठेवून.)

"काय काय दुखतं?" तिनं एकदम विचारलं.

 पलीकडे जागृती रडायलाच लागली. कंबर, म्हणाली. दिवसभर वाकून मोळ्या बांधायच्या. आणि निजलं की पोटऱ्यांत गोळे. झोपच नाही, आया.

रूपलीबाईला वाटलं, आत्ता उठावं आणि जावं. लेकीचे पाय एकदा हातात मिळाले की झालं. दुसऱ्या दिवशी तिनं जसोदाबाईकडे थोड्या दिवसांची सुट्टी मागितली. कारणही सांगितलं.

जसोदाबाईनं वातीवरची नजर काढली नाही. "तेल लागेल बाईले सोडीसन जातस का व कोनी? तूच सांगस ना गावभर."

 नियम रूपलीबाईचाच. तिनं तो मोडला असता तर जसोदाबाईनं आकांडतांडव केलं असतं ते वेगळंच, पण मुख्य म्हणजे तो नियम इतकी वर्षं सांगता सांगता रूपलीबाईचाही त्यावर विश्वास बसला होता. दिपालीच्या बाळाला काही झालं तर? तिनं दिपालीच्या टाचेला तेल लावलं. हात परक्या सुनेच्या पायावर आणि जीव सुरतेकडे, असे पुढचे दिवस गेले.

दिपालीच्या ते लक्षात आलं. अंग चोळणाऱ्या बाईचं मन तिच्या हातात उतरतं, आणि खाली निजलेलीला ते कळतं. तिनं विचारून घेतलं. मग म्हणाली, "मावशी, मन्हा फोनवर व्हिडिओ लाव ना. जवाईले दखाडी दे. तो करी तिना पाय."

रूपलीबाई हसलीच. पुरुष बायकोचे पाय चोळणार? तेही पडावावर, साऱ्या टोळीदेखत? पण दुसरा रस्ता नव्हता. जसोदाबाई शेजारी सत्संगाला गेल्याची संधी साधून दिपालीनं फोन लावला आणि खाटेच्या पायथ्याशी डब्याला टेकवून ठेवला.

पडद्यावर नवल आला. काळासावळा, दाट केसांचा, फोनच्या फुटक्या काचेमुळे कपाळाचे दोन तुकडे झालेला. मागं ताडपत्री, आणि तिच्या आडून डोकावणारी हसरी तोंडं. जागृती पोत्यावर कुशीवर निजलेली. तिचं पोट रूपलीबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. 

जावई आणि सासू त्यांच्यात एकमेकांसमोर मोकळं बोलत नाहीत. नवलनं मान खाली घालून "हो" आणि "बरं" एवढंच म्हणायचं ठरवलेलं दिसत होतं. रूपलीबाईनं दिपालीची साडी गुडघ्यापर्यंत सारली आणि दाखवायला लागली. "टाचेपासून. नाही, मूठ नको, तळहात. खालून वर ये." नवलनं हात लावला आणि जागृती ओरडली. उसाचं पाचट सोलायची सवय झालेला हात तो, पोटरीही सोलायलाच निघाला होता. मागची तोंडं खिदळली. "हळू रे बाबा! परत टाचेवर ये. माझा हात बघ."

नवल मान वर करून, डोळे बारीक करून, फोनच्या अगदी जवळ येऊन हात बघायला लागला. आणि नेमकी त्याच वेळी जसोदाबाई दारात उभी राहिली.

तिला काय दिसलं? आपली सून खाटेवर, पाय गुडघ्यापर्यंत उघडा, आणि त्या पायाकडे टक लावून बघणारा कुणीतरी दाढी वाढलेला परका बाप्या. सत्संग करून आलेल्या बाईला हे दृश्य झेपण्यासारखं नव्हतं.

"हाऊ कोन शे? आन हाई काय चाली ऱ्हायनं मन्हा घरमा?"

"राम राम, आजी," फोनमधून नवल म्हणाला. बिचाऱ्याला दुसरं काय सुचणार?

जसोदाबाईनं गोधडी ओढून दिपालीच्या अंगावर डोक्यापासून पायापर्यंत टाकली. फोन उपडा पडला. त्यातून नवलचा आवाज येतच होता, "मग पुढं काय करायचं?" रूपलीबाई उठून उभी राहिली. "मन्हा जवाई शे, बाई. जागृतीना पाय दुखतस. त्याले शिकाडनं पडस."

"मन्ही वहूना पायवर शिकाडस? दुसरा पाय नही भेटना तुले? नींघ आठून!"

रूपलीबाई निघाली. बाहेर येऊन चपला घालताना तिला रागही आला नाही. चूक होती हे तिला कळत होतं. त्या घरची सून परक्या पुरुषासमोर डोक्यावरचा पदरही ढळू देत नाही, आणि आपण तिचा पाय दाखवला. भीती एवढीच वाटली, की आता हे घरही गेलं आणि जागृतीचे पायही राहिले.

पण नियम दोन्ही बाजूंनी कापतो. दिपालीला तेल लागलं होतं, बाळ अजून रडायचं होतं. अर्ध्यावर हात सुटला तर येणाऱ्या जिवाला लागतं हे रूपलीबाईनं जसोदाबाईच्या मनात इतकं खोल रुजवलं होतं, की तिचीच झोप उडाली. एक दिवस तिनं दम धरला. दुसऱ्या दिवशी दिपालीची कंबर धरली आणि दुपारच्या आत निरोप आला.

रूपलीबाई गेली. जसोदाबाई दाराशी वाती वळत बसली. दिपालीचं चोळून झालं, तशी दिपाली आपला फोन तिथंच ठेवून पलीकडच्या खोलीत गेली. रूपलीबाई वाटी उचलायला वाकली.

"बठ," जसोदाबाई म्हणाली. तिनं दार लावून घेतलं, कडी घातली, आणि खाटेवर स्वतःच आडवी झाली. "लाव तो फोन."

रूपलीबाईला काही उमगेना.

"वहूना पाय नही. हाऊ मन्हा पाय शे." आणि तिनं लुगडं वर सारून पाय पुढं केला. कातडी सैल झालेली, निळ्या शिरांची जाळी, गुडघा फुगलेला. "मन्हा पायकडे कोन दखस आते?"

हे ती खोटं बोलत नव्हती. हिंमतरावांच्या घरात इतक्या लेकी-सुना चोळून घेऊन गेल्या, पण तिच्या पायाला मुलगा धीरज पोटात असताना दगूबाईचा हात लागला होता तो शेवटचा. त्यानंतर तो पाय कुणी बघितला नव्हता की धरला नव्हता. रूपलीबाईनं फोन लावून डब्याला टेकवला आणि तेल घेतलं. फुगलेल्या शिरांवर जोर द्यायचा नाही, तेव्हा टाच आणि तळवा यांवरच ती जास्त रेंगाळली, वर नुसता हात फिरवला. नवलला तेवढा हलका हातच हवा होता. पडद्यावर त्याला पोटरी तर दिसली, पण मागून जे बोलणं आलं त्याला तो तयार नव्हता.

"ओ जवाई! आस्ते! ऊस नही शे तो!"

जसोदाबाई एवढं बोलली आणि थोड्या वेळात घोरायला लागली.

मग हिवाळाभर तेच चाललं. आधी दिपाली, मग दार लावून जसोदाबाई. सत्संग सुटला तरी चालेल, फोन चुकायचा नाही. हळूहळू ती नवलला दटावायला लागली, जागृतीला काय खाल्लं विचारायला लागली, आणि मुकादमाला फोन द्यायला लावून पोटुशीला मोळ्या उचलायला लावू नको म्हणून तिनं त्याला अहिराणीत जे सुनावलं, ते त्याला पूर्ण समजलं नसलं तरी पुरलं. जागृतीला नुसतं पाचट सारायचं काम मिळालं. नवलच्या हातातला जोर उतरत गेला. मागची तोंडं हसायची थांबली, उलट टोळीतल्या आणखी एका बाईनं नवऱ्याला तिथं बसवून शिकायला लावलं. "काल झोप लागली," असं जागृती पहिल्यांदा म्हणाली त्या दिवशी रूपलीबाईनं घरी जाऊन बाज्याला ते दोनदा सांगितलं.

दिपाली शहाद्याच्या दवाखान्यात बाळंत झाली, मुलगी झाली, दोघी सुखरूप. बाळ रडलं आणि रूपलीबाईचा हात मोकळा झाला. पण आता पडावावर जाऊन उपयोग नव्हता, होळी तोंडावर आली होती आणि होळीला डोंगरातली माणसं कुठंही असली तरी परततात. जागृतीही येणार होती. वर सासरी जाण्याआधी आईकडे मुक्काम करणार होती.

रूपलीबाईनं मोहाच्या बियांचं तेल काढून आणलं. गुजरांच्या घरी वापरायची ते नाही, तिच्या माहेरचं. ओटा सारवला, स्वच्छ गोधडी घातली. इतक्या सुनांचे पाय हातून गेले होते, आता आपल्या लेकीचे. त्या दिवशी सकाळपासून ती बाज्यावर उगाचच खेकसत होती, इतका तिला आनंद झाला होता.

जागृती आली ती हात कंबरेवर ठेवून, पाय फाकवून चालत. उन्हानं काळी पडलेली, पण तोंडावर तेज. जेवण झालं, तशी ती गोधडीवर डाव्या कुशीला निजली. रूपलीबाईनं तेल कोमट केलं, मनगटाला लावून बघितलं आणि लेकीच्या पोटरीवर हात ठेवला. लहानपणी काटा काढला तेव्हा धरली होती ती पोटरी. आता भरलेली, टणक.

जागृतीनं पाय थोडा आखडला.

"काय झालं? दुखलं?"

"नाही आया." ती जराशी लाजली. "हात वेगळा लागतो. सवय झाली ना. नवलला बोलाव."

 रूपलीबाईनं सरकून जागा करून दिली. नवल आला. सासूसमोर बसायची लाज वाटून त्यानं तिच्याकडे पाठ केली, वाटीतलं तेल घेतलं आणि टाचेपासून सुरुवात केली. तळव्याला अंगठा. घोट्याभोवती फिरता हात. पोटरी खालून वर, घाई नाही. कंबरेखाली तळहाताची टाच, गोल. त्याच्या खांद्यावरून रूपलीबाई बघत राहिली. कुठं जोर जास्त होतोय का, कुठं काही राहून जातंय का, ती शोधत होती. सापडलं नाही.

तिला वाईट वाटलं, आणि ते लपवायची काही गरज नव्हती, कारण तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. थोड्या वेळानं जागृतीचा श्वास लांबला. झोप लागली.

"थांबू?" नवलनं मान न वळवता हळूच विचारलं.

"एकदम थांबू नको, जागी होईल. हळूहळू हात हलका कर."

"माहीत आहे," नवल म्हणाला.

रूपलीबाई भिंतीला टेकून बसली. तिच्या दोन्ही तळहातांना मोहाचं तेल तसंच होतं, चांगलं कोमट. पुसायला तिचा जीव होईना. तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं आणि ते आपल्याच पोटऱ्यांना लावून टाकलं.